मनगट सोडा, सामी

मद्रासमधल्या वेस्ट मांबलमच्या त्या कल्याण मंडपात कुणाच्याच लग्नाचा मुहूर्त नव्हता, तरी रविवारी सकाळी नऊ वाजता दारात चपला काढायला जागा उरली नव्हती. आत पंखे गरम हवाच ढवळत होते. दोनशे खुर्च्या भरलेल्या, आणि दर तिसऱ्या मांडीवर एक्स-रेचं खाकी पाकीट. समोर नवरा-नवरीच्या मखमली सिंहासनावर नरम्बु सामी बसले होते. नरम्बु म्हणजे तमिळमध्ये शीर. झोपलेल्या, रुसलेल्या, सुटलेल्या शिरा जाग्या करतात म्हणून नरम्बु सामी. कपाळभर भस्म, मनगटात सोनेरी घड्याळ आणि पुढ्यात पितळी परातीत लिंबांची रास.

"एक्स-रेत काय दिसतं?" सामींनी माइकवर विचारलं.

"हाड," लोक म्हणाले.

"नरम्बु दिसतो?"

"नाही, सामी."

"मग जे दिसतच नाही त्यातलं या डॉक्टरांना काय कळतं? फोटो काढणारे ते. लग्नात फोटोवाला असतो म्हणून मंगळसूत्राची ताली त्याच्या हातून बांधून घेता का?"

हशा पिकला. दुसऱ्या रांगेत बसलेली शर्मिष्ठाही हसली, आणि मागाहून त्या हसण्याचा तिला जितका राग आला तितका दुसऱ्या कशाचाच आला नाही.

तिची नऊ वर्षांची कीर्ती शेजारी बसली होती. उजवा दंड प्लास्टरच्या पट्टीत, आणि पट्टीच्या खाली पंजा असा लोंबत होता, जसा धुतलेला हातमोजा दोरीवर टाकलाय. त्या उन्हाळ्यात, दोन हजार चारच्या, मद्रासच्या नळांना पाणी नव्हतं. पाण्याची लॉरी आली की सगळी गल्ली प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन पळायची. अशाच पळापळीत कीर्तीची सायकल घागरींच्या रांगेत घुसली आणि ती फुटपाथच्या कडेवर दंडावर आपटली. हाड मोडलं, ते दवाखान्यात बसवलं. पण त्याच संध्याकाळी शर्मिष्ठाने पाहिलं की पोरीला मनगट उचलता येत नाही.

सरकारी इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टर महालक्ष्मी घाईत होत्या. "शीर दुखावलीय. बहुतेक आपसूक येईल. थांबावं लागेल," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. थांबा. आईला याच्याइतका वाईट शब्द नाही. डॉक्टर म्हणाल्या थांबा, आणि सामी म्हणत होते ऊठ.

"ती लहान पाप्पा, इकडे ये," सामींनी कीर्तीला बोलावलं. तिच्या लोंबत्या पंजात लिंबू ठेवलं. "पिडि. घट्ट धर. पीळ."

कीर्तीने ओठ आवळून जोर केला. लिंबू घरंगळून परातीत पडलं. सभागृहातून "अय्यो, पावम, बिचारी" असा उसासा उठला. सामींनी डावा हात तिच्या मनगटाखाली घातला, पंजा आकाशाकडे उचलून धरला, अंगठा नाडीवर टेकवला आणि डोळे मिटले.

"उडतेय," ते पुटपुटले. माइक जवळच होता. "नरम्बु उडतोय. मेला नाही, झोपलाय. डॉक्टरने चुन्याच्या थंड पट्टीत निजवलंय त्याला. ऊठ रे बाबा. ऊठ." मग मोठ्याने, "आता पीळ, कण्णु."

कीर्तीची बोटं मिटली. लिंबाची साल चेंबली, आणि रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला.

सभागृह उभं राहिलं. शर्मिष्ठाच्या शेजारी तिच्या सासूबाई, राजसबाई, हात जोडून रडत होत्या. "बघितलीस का गो शर्मिष्ठे? शीर उडते म्हणाले. उडते ती मेली कशी असेल?" रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली सांगलीची शर्मिष्ठाही तेव्हा हात जोडून उभी होती. तिचेही डोळे भरले होते.

पडद्यामागे सामींच्या माणसाने कात्रीने प्लास्टरची पट्टी कापून टाकली. दंडावर पाल्याचा लगदा लावून वर हळदीच्या फडक्याचा कट्टु, म्हणजे घट्ट बांधणी, आवळला. मनगटाखाली तळव्यापर्यंत तांब्याचा एक वाकवलेला पत्रा ठेवला. त्यावर अक्षरं कोरलेली होती. तमिळमध्ये त्याला तगडु म्हणतात, राजसबाईंच्या तंजावरी मराठीत तगड. त्यावर भगवं कापड गुंडाळलं आणि कीर्तीचा पंजा सरळ झाला. नियम दोन. लसूण खायची नाही आणि डॉक्टरच्या सावलीत जायचं नाही. एक मंडल अठ्ठेचाळीस दिवसांचं. अशी दोन मंडलं.

घरी येताना गल्लीतल्या बायका बघत होत्या. पोरीचा हात खरंच वर होता.

* * *

तळमजल्यावर नारायणस्वामी सर राहायचे, गणिताचे मास्तर, तेही तंजावरी मराठीच. त्यांच्या उजव्या हाताला दोन वर्षं तगड होतं. स्कूटरवरून पडून दंड मोडला होता, आणि मनगट पडलं ते पडलंच. शाळेतली नोकरी सोडून ते आता घरी शिकवण्या घ्यायचे, डाव्या हाताने फळ्यावर वाकडेतिकडे त्रिकोण काढत.

"तुमचा का नाही बरा झाला, सर?" शर्मिष्ठाने जिन्यात विचारलं.

"माझीच चूक," ते ओशाळून म्हणाले. "चाळिसाव्या दिवशीं एका लग्नांत जेवलों. रसमांत लसूण होती. मजला ठाऊक नव्हतें, पण सामी म्हणाले, नरम्बुला ठाऊक असतें."

शर्मिष्ठाच्या मनात काहीतरी खटकलं. पण कीर्तीचा हात सरळ दिसत होता, आणि सरळ दिसणाऱ्या हातावर शंका घ्यायचं धैर्य तिला झालं नाही. ती फक्त बघत राहिली. बघणं तिला सोडता येत नव्हतं. चौथ्या दिवशी बोटं सुजलेली दिसली. आठव्या दिवशी नखं निळसर वाटली.

"शीर जागी होते तेव्हां सूज येतेच," राजसबाई म्हणाल्या. "सामी बोलले होते."

"न आली असती तर म्हणाले असते, शीर शांत झाली," शर्मिष्ठा म्हणाली.

"अशी बोलूं नको. लेकराच्या माथीं येईल."

नवरा सुधींद्र जॉर्ज टाउनच्या बँकेतून दमून यायचा. त्याने दोघींच्या मधे वर्तमानपत्र धरलं. "अम्माच्या मनासारखं होऊ दे ना. नुकसान काय आहे?"

नुकसान काय आहे. हा प्रश्न शर्मिष्ठाने तेव्हा गिळला.

नवव्या दिवशी आंघोळ. पाणी अर्धी बादली. कीर्तीचा पंजा पुसायचा म्हणून शर्मिष्ठाने तगड सोडलं, आणि नऊ दिवस सरळ दिसलेला पंजा त्याच क्षणी खाली पडला, पहिल्या दिवशी पडत होता तसाच. दंडावरचा कट्टु भिजू नये म्हणून तिने पोरीचं मनगट खालून उचलून धरलं आणि तिच्या हातात ओला पंचा दिला. कीर्तीने तो पिळला. पाणी धारेने पडलं.

"आई, बघ ना," कीर्ती म्हणाली. "तू धरलंस की मला जोर येतो. तू पण सामी."

शर्मिष्ठाने मनगट सोडलं. पंचा गळून पडला. पुन्हा धरलं. पुन्हा पिळला गेला. तिने हे सहा वेळा केलं, कीर्ती कंटाळली.

मग ती स्वयंपाकघरात गेली. टोपलीतलं लिंबू घेतलं, स्वतःचं उजवं मनगट खाली, अगदी होता होईल तितकं वाकवलं आणि मूठ आवळली. बोटं लिंबाभोवती नीट मिटेनात. जोर कुठे गेला कळेना. लिंबू ओट्यावरून टणटणत जमिनीवर गेलं. मनगट वर करून पुन्हा धरलं, तर सालीतून रस आला.

शर्मिष्ठाचा दंड काही मोडला नव्हता.

तिने चेंबलेलं लिंबू ओट्यावर ठेवलं. सामींवरचा राग नंतर आला. आधी आला तो दुसऱ्या रांगेत बसून हसलेल्या बाईवरचा.

* * *

डॉक्टर महालक्ष्मींनी कट्टु कापला तेव्हा दंडावर कापडाचे वळ उठलेले होते.

"हे कोणी बांधलं?"

शर्मिष्ठाने सांगितलं.

"शिकलेल्या आहात?"

"बी.एस्सी."

"हं," डॉक्टर म्हणाल्या. एवढंच. पण ते हं तिला पुढे कैक दिवस ऐकू येत राहिलं.

नवा एक्स-रे निघाला. हाड थोडं वाकलं होतं. "वय लहान आहे, भरून येईल. पण ही गाठ आणखी राहिली असती तर हाताचं रक्तच अडलं असतं, आणि मग मनगट हा फार छोटा प्रश्न राहिला असता." त्यांनी नवी पट्टी घातली. आज त्यांना घाई नव्हती, किंवा त्यांनी ती बाजूला ठेवली होती.

"सामींनी नाडी बघितली," शर्मिष्ठा म्हणाली. "शीर उडतेय म्हणाले. नाडी तर मलाही लागते."

"लागणारच. ती रक्ताची नळी आहे. दुखावलीय ती मेंदूकडून निरोप नेणारी तार. तुमच्या मराठीत दोन्हींना काय म्हणतात?"

"शीर. किंवा नस."

"तमिळमध्ये दोन्हींना नरम्बु. या एका शब्दावर त्याचं दुकान चालतं. नळाला पाणी आलं म्हणून दिवा लागतो का, अम्मा? तसंच हे." त्यांनी कीर्तीच्या दंडावर पेनने रेघ ओढली. "ही तार दंडाच्या हाडाला मागून चिकटून, वळसा घालून खाली येते. हाड इथे मोडलं की ती चेंगरते. मग मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंना निरोप जात नाही. पण मूठ मिटणारे स्नायू दुसऱ्या तारांवर चालतात. ते ठणठणीत आहेत. फक्त मनगट खाली पडलं की त्यांची ओढ सैल होते. कोणीही मनगट वर धरा, मूठ लागते. त्यात मंत्र नाही."

मग त्यांनी टेबलावरचं तगड उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "हा बाक बघा. मनगट वर, बोटं मोकळी. आम्ही असेच आधार देतो, प्लॅस्टिकचे. ज्याने हे बनवलं तो कधीतरी असे आधार बनवणाऱ्यांत वावरलाय. अक्षरं तेवढी त्याची स्वतःची. हेच लावा हवं तर, कापड बदलून. दिवसातून चारदा काढून बोटं आणि मनगट हाताने हलवा, म्हणजे सांधे आखडणार नाहीत."

"शीर कधी येईल?"

"चेंगरलेली तार वरून खाली वाढत येते. ढोबळ मानाने दिवसाला एक मिलिमीटर." त्यांनी फुटपट्टी कीर्तीच्या हातावर ठेवली, मोडलेल्या जागेपासून कोपराखालच्या स्नायूपर्यंत. साडेनऊ सेंटिमीटर. "सामी किती दिवस म्हणाले?"

"दोन मंडलं. शहाण्णव दिवस."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "माणूस अडाणी नाही. दहात सात-आठ जणांची शीर काही न करता परत येते. ती आली की सामींनी आणली."

"आणि येत नाही त्यांची?"

"त्यांनी लसूण खाल्ली." डॉक्टरांनी हे आधीही ऐकलेलं होतं. "ज्यांची येत नाही त्यांना तीन-चार महिन्यांत आमच्याकडे यायला हवं. तपासून, गरज पडली तर तार जोडता येते. वर्ष-दीड वर्ष गेलं की स्नायू सुकतात. मग जोडून निरोप पाठवायचा कोणाला? तो माणूस नेमके तेच महिने खातो. तुमच्या मुलीची येईलच असं वचन मी देत नाही. वचन देणं त्यालाच जमतं."

घरी शर्मिष्ठाने सगळं सांगितलं. राजसबाईंनी देवासमोर दिवा लावला आणि जेवल्या नाहीत. सुधींद्र म्हणाला, "ठीक आहे. आपण जाणं बंद करू. कशाला वाद?"

"आणि खालचे सर?" शर्मिष्ठा म्हणाली. "तू विचारलं होतंस ना, नुकसान काय आहे. तळमजल्यावर राहतं ते."

* * *

रविवारी ती कीर्तीला घेऊन मंडपात गेली. राजसबाई आल्या, सामींची क्षमा मागायला. नारायणस्वामी सर दर रविवारप्रमाणे आलेच होते. सामींनी कीर्तीच्या दंडावरची नवी पट्टी पाहिली, पण भगव्या कापडातलं तगड पाहून पोरगी अजून आपलीच आहे अशी त्यांची समजूत झाली असावी.

"ही पाप्पा बघा," ते माइकवर म्हणाले. "हात कुठे होता, कुठे आला." त्यांनी सराईतपणे तगड सोडलं, त्याच वेळी डावा हात मनगटाखाली सरकवला, लिंबू दिलं. "पीळ, कण्णु."

रस ओघळला. टाळ्या पडल्या.

"मनगट सोडा, सामी," शर्मिष्ठा म्हणाली. ती कीर्तीच्या मागे येऊन उभी होती.

"काय अम्मा?"

"नरम्बु जागा झालाय ना? जाग्या माणसाला उचलून धरावं लागत नाही. सोडा."

सामी हसले. "माझ्या हातातून शक्ती वाहते, अम्मा. ती तोडायची नसते."

"मग मी धरते. माझ्यात शक्ती नाही, हे माझ्या सासूबाई सांगतील." पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. शर्मिष्ठाने सामींचा हात बाजूला केला. कीर्तीचा पंजा मटकन खाली पडला. तिने खालून मनगट उचललं. "पीळ, कीर्ती."

दुसरं लिंबू पिळलं गेलं.

"ही डॉक्टरच्या सावलीत गेलीय," सामींचा आवाज बदलला. "नियम मोडलाय. आता या पोरीचा हात—"

"पोरीच्या हाताचं पोरीची आई बघेल," शर्मिष्ठा म्हणाली. तमिळ, जी तिला एरवी अडखळत यायची, त्या दिवशी अडली नाही. तिने लोकांकडे तोंड केलं. "तुमच्यात ज्यांचा हात धडधाकट आहे त्यांनी करून बघा. उजवं मनगट खाली वाकवा. अजून खाली. आता मूठ आवळा. जोराने."

आधी कोणी हललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका पोरसवदा शिपायाने केलं, मग त्याच्या बायकोने. मग हळूहळू शे-सव्वाशे पंजे लोंबायला लागले, आणि तेवढीच माणसं आपापल्या मुठीकडे चमकून बघायला लागली. लिंबं परातीतून रांगांमधे फिरली आणि टपाटप खाली पडली.

राजसबाईंनीही एक घेतलं. पन्नास वर्षं लोणच्यासाठी लिंबं चिरून पिळलेला हात. मनगट वाकवून त्यांनी जोर केला. लिंबू पदरात पडलं. त्यांनी ते उचललं, पुन्हा केलं. पुन्हा पडलं.

"सामी," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माझी शीर कोणी मोडली मग?"

सामी उठले होते. आपल्या माणसाला परात उचलायची खूण करत होते. तेवढ्यात नारायणस्वामी सर पुढे आले. कोणी बोलावलं नव्हतं. ते मंचाच्या पायरीवर बसले, दातांनी भगव्या कापडाची गाठ सोडली आणि तगड काढून पायरीवर ठेवलं. त्यांचा पंजा खाली पडला. मनगटाच्या वर, जिथे स्नायू असतो, तिथे नुसती खोबण होती.

ते खोबणीकडेच बघत होते. "दोन वर्षें," ते म्हणाले, "मी लसणीला दोष दिला."

त्यानंतर मंडपात कोणी जयजयकार केला नाही. लोक एक्स-रेची पाकिटं छातीशी धरून चपला शोधायला लागले. सामींनी पुढल्या रविवारी तिथे मंडप घेतला नाही. दुसरीकडे कुठे घेतला असेल. शहरात मंडप पुष्कळ आहेत आणि लिंबांना तोटा नाही.

सर डॉक्टर महालक्ष्मींकडे गेले. तार जोडायची वेळ निघून गेली होती. दुसऱ्या एखाद्या स्नायूचा दोर वळवून मनगटाला लावता येईल, थोडं उचलता येईल, असं त्या म्हणाल्या. सर विचार करून सांगतो म्हणाले.

कीर्तीचा हात चौदाव्या आठवड्यात आला. मंगळवार होता, दुपारचे चार, ऐन राहुकालाची अशुभ वेळ. सरांच्या खोलीत शिकवणी चालू होती. सरांनी डाव्या हाताने फळ्यावर त्रिकोण काढून तिसरा कोन विचारला, आणि उत्तर येत होतं म्हणून कीर्तीने घाईने हात वर केला, तगड व्यायामासाठी काढून ठेवलेलंच असताना. कोपरापुढे मनगट बोटभर उचललं गेलं, थरथरलं आणि खाली पडलं. तिला कळलंही नाही. सरांना कळलं. खडू खाली ठेवून ते जिन्यातून ओरडत वर आले, "शर्मिष्ठाबाई, आली, पोरीची शीर आली." त्यांचा स्वतःचा हात शेजारी लोंबत होता.

राजसबाईंनी देवासमोर साखर ठेवली. शर्मिष्ठाने त्यातली चिमूटभर तोंडात टाकली. देवाने मनगट धरून ठेवलं नव्हतं आणि डॉक्टरकडे जाऊ नको असंही सांगितलं नव्हतं. तिचं भांडण देवाशी नव्हतंच.

तुमच्याही गल्लीत असा कोणी येईल. शीर, नस, नाडी हे शब्द तो एकाच पातेल्यात ढवळेल. चमत्कार दाखवताना त्याचा एक हात तुमच्या माणसाच्या मनगटाखाली असेल. त्याला शिव्या देऊ नका, वादही घालू नका. एवढंच सांगा, हात सोडा. मग काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि डॉक्टरची तारीख चुकवू नका. शिरेला वेळ लागतो. पण तिच्याजवळ वेळ फार नसतो.